वर्षाला एकच खोकं

भाचा जर्मनीला नोकरीला गेला आणि पहिल्याच सुट्टीत माझ्यासाठी पुठ्ठ्याचं एक पातळ खोकं घेऊन आला. "आत्या, तू चित्रकलेची बाई. हे रंगवून बघ," म्हणाला. आत राखाडी प्लॅस्टिकचे बारा घोडेस्वार होते, एकेक अंगठ्याएवढा. त्यांचे रंग खोक्याच्या मागे छापले होते. निळा डगला, लाल कॉलर, छातीवर पिवळ्या दोरीच्या आडव्या ओळी. दोनशे वर्षांपूर्वीची फ्रान्सची फौज.

मी तेव्हा उमरखेडला एका शाळेत चित्रकला शिकवत होते. वडील तहसील कचेरीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊ पुण्याला. मी लग्न केलं नाही, घरात आई आणि मी. वीस वर्षं मुलांकडून माठ, केळी आणि डोंगरामागचा सूर्य काढून घेतल्यावर स्वतःसाठी ब्रश धरायचा असतो हेच मी विसरले होते. त्या घोडेस्वारांनी तो परत धरायला लावला. शिपाई साबणाच्या पाण्यात धुवायचा, औषधाच्या बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, पांढऱ्या रंगाचा एक हात द्यायचा आणि मग सगळ्यात बारीक ब्रशाने, श्वास धरून, एकेक गुंडी. बारा जणांना तीन महिने लागले. आई म्हणायची, "एवढ्यात स्वेटर झाला असता."

पुढच्या वर्षी भाच्याने फोनवर विचारलं, "यंदा कुठले आणू?" आणि शंभरेक खोक्यांचे फोटो पाठवून दिले. बॅगेत जागा एकाचीच, कारण उरलेली त्याच्या आईच्या यादीने भरायची. तेव्हापासून वर्षाला एकच खोकं असा नियम पडला. ते पावसाळाभर निवडायचं आणि दिवाळीला यायचं.

ती याच सुमारास आमच्या शाळेत आली, इतिहास शिकवायला. उमरखेडपासून तासाभरावरच्या एका तांड्यावरची, तिथली पहिली पदवीधर बाई. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. नवऱ्याची सहा एकर कोरडवाहू जमीन, मुलगा बाहेरगावी शिकायला. ती रोज सकाळच्या एसटीने यायची, डब्यात ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. पहिले काही महिने मला "मॅडम" म्हणायची, वर्गात शुद्ध बोलायची आणि स्टाफरूममध्ये फारसं बोलायचीच नाही.

एक दिवस चित्रकलेच्या खोलीत खडू मागायला आली आणि टेबलावरचा घोडेस्वार बघून थबकली. वाकून, हात मागे बांधून तिने तो चारी बाजूंनी पाहिला.

"मॅडम, हा कुठला?"

मी सांगितलं.

"अन् याच्या घोड्याले दाणा कोण आणून देते?"

वीस वर्षांत माझ्या कुठल्याही चित्राला कुणी प्रश्न विचारला नव्हता. बाकीचे शिक्षक माझ्या शिपायांना भातुकली म्हणायचे, किंवा "मावळे काहून नाई करत?" एवढं विचारून चहा प्यायला निघून जायचे. मावळ्यांचं खोकं त्या यादीत नव्हतं, असतं तर घेतलंही असतं.

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती माझ्या घरी आली. आईने पोहे केले. आम्ही मोबाइलवर ते शंभर फोटो पहिल्यापासून पाहिले. मला छातीवर चकचकीत पत्रा घातलेले घोडेस्वार हवे होते, कारण पत्र्याची चमक रंगाने आणता येते का ते बघायचं होतं. तिला ते अजिबात आवडले नाहीत.

"थे सारे मिरवणुकीतले हायेत. लढाईतले नाईत."

"मग तुला कोणते हवेत?"

"खड्डे खणणारे हायेत का पाहा."

होते. रोमन सैन्यातले, हातात कुदळी आणि पाट्या घेतलेले. त्या दिवाळीला तेच आले. तिने कधी रंगाचा ब्रश धरला नव्हता, पण तिची आई फेटिया-काचळीवर, म्हणजे बंजारा घागरा-चोळीवर, बारीक टाके घालायची आणि तिने ते लहानपणापासून केले होते. हात असा स्थिर की मला हेवा वाटला. मी अंगरखे रंगवायचे, ती डोळे, बोटं आणि कुदळीवरची माती. माती रंगवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "ही ओली माती, ही सुकली," असं म्हणत एका कुदळीवर ती दोन तपकिरी लावायची.

केव्हातरी मॅडमची ताई झाले, तुम्ही मात्र कायम राहिलं. मी तिला अगं-तुगं करायला लागले.

तिसऱ्या वर्षीची निवड मला सगळ्यात आठवते. यादीच्या अगदी शेवटी एक खोकं होतं, सैन्यामागून चालणाऱ्या सामानाचं. दोन गाड्या, चार खेचरं, एक आचारी, पोत्यावर बसलेला म्हातारा, डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई. मी ते आधी दोनदा पुढे सरकवलं होतं. तिने माझा हात धरला.

"थांबा, ताई. हे आमी हाओत."

मग तिने सांगितलं. तिची याडी, म्हणजे आई, तिला लदेणीच्या गोष्टी सांगायची. बैलांच्या पाठीवर धान्याच्या आणि मिठाच्या गोण्या लादून तांडे फौजांच्या मागे कोसच्या कोस चालायचे. फौज कुणाची का असेना, तिला खायला लागायचं. "पुस्तकात लढाईचं एक पान असते," ती म्हणाली, "अन् लदेणीची अर्धी ओळ. पोराईले शिकवताना म्या थे अर्ध्या ओळीवर दहा मिनटं थांबतो." ती घाईत असली की बोलताना बाई-माणसाचा भेद विसरायची, आणि मग स्वतःच हसायची.

त्या हिवाळ्यात आम्ही चारही खेचरांचे बैल केले. मेणासारखी कालवायची पुट्टी भाच्याने पाठवली होती. त्या पुट्टीची वशिंडं केली, शिंगं केली, पाठीवर गोण्या दिल्या. बोचकेवालीला तिने लाल फेटिया चढवला आणि त्यावर आरशांच्या जागी अभ्रकाचे कण सुईच्या टोकाने बसवले. एका कणाला एक श्वास. ती बाई पुरी व्हायला सात शनिवार गेले. झाल्यावर तिने ती तळहातावर घेतली आणि उजेडाकडे फिरवली. आई भिंतीला टेकून बघत होती. "याडी अशीच चाले," ती आईला म्हणाली, "मान जराशी डाव्या अंगाले."

ही वर्षं आमच्या भागात बरी नव्हती. बोंडअळीने नवीन बियाण्यालाही दाद दिली नव्हती, स्टाफरूममध्ये सगळी चर्चा तीच. हजेरी घेताना एखादं नाव आलं की वर्ग गप्प व्हायचा आणि आम्हाला कळायचं, त्या घरी काहीतरी झालंय. ती शेतीबद्दल शाळेत बोलत नसे. शनिवारी आमच्या टेबलाशीही नाही. मला वाटायचं, तिच्या घरी सगळं ठीक असेल. मी विचारलं नाही, हेही खरं.

पुढच्या पावसाळ्यात कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. अळी एवढी की चार दिवसांआड फवारावं लागायचं, आणि फवारणीला माणूस मिळेना. आजूबाजूच्या गावांतून फवारताना माणसं पडल्याच्या बातम्या येत होत्या. एका रविवारी तिचा नवरा पंप पाठीवर घेऊन ओळींत शिरला आणि ती बांधावर पाणी आणून, औषध कालवून पंप भरून देत राहिली. हात उघडे, तोंडाला पदर. ऊन मी म्हणत होतं. पऱ्हाटी उंच म्हणून फवारा वरून खाली यायचा, दोघंही भिजली. संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि दिवे अंधूक दिसायला लागले. नवऱ्याला थोडंच झालं होतं. त्याने तिला जीपमध्ये घालून आधी उमरखेडला आणि तिथून नांदेडला नेलं.

मला मंगळवारी कळलं. गुरुवारी शाळेच्या कारकुनाबरोबर मी नांदेडला गेले. ती पलंगावर उताणी पडून छताकडे बघत होती. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मी पायाशी उभी राहिले तर तिने ओळखलं नाही. बोलल्यावर ओळखलं.

"ताई, तुमी लांब उभ्या हा का?"

"नाही गं. इथेच आहे."

"मंग काहून धुक्यात दिसता?"

मी तिचा हात धरला. म्हणाले, "यंदाचं खोकं अजून निवडायचंय."

"निवडू," ती म्हणाली.

नवव्या दिवशी तिला घरी सोडलं. नजर हळूहळू परत आली, वाचता येण्याइतकी. दिवाळीनंतर ती शाळेत हजर झाली, आम्ही पेढे वाटले. आणि पंधरा दिवसांनी वर्गात फळ्यावर सनावळी लिहिताना तिच्या हातातून खडू पडला. तिने उचलला, परत पडला. मग रोजच. आधी बोटांना मुंग्या, मग बोटं ढिली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, फवारणीच्या औषधाने नसा दुखावल्या आहेत, काहींना काही महिन्यांनी बरं वाटतं, काहींना नाही. तिला बरं वाटलं नाही.

भाचा त्या वर्षी दिवाळीऐवजी डिसेंबरात येणार होता, त्यामुळे निवड बाकी होती. तिने ती एकटीने केली, मी तिच्यावरच सोपवली होती. तिने बर्फातून माघारी फिरलेल्या सैन्याचं खोकं निवडलं. चाळीस जण, एकासारखा दुसरा नाही. कुणाच्या डोक्याला चिंधी, कुणी काठीवर, दोघं एकाला खांद्यावर टाकून चाललेले, एकाच्या अंगावर डगल्याऐवजी घोंगडं. मी हादरले. म्हटलं, "यंदा जरा आनंदाचं काही घेऊ या की."

"हे घरी चालले हायेत, ताई. जाताना सारे रंगवतेत. परत येणाऱ्याईले कोणी रंगवत नाई."

खोकं आलं. त्यानंतर दर शनिवारी ती येऊन माझ्या शेजारी बसायची, दोन्ही हात मांडीवर ठेवून. ती सांगायची आणि मी रंगवायचे. मला सफाईची सवय. तिला सफाई नको होती. "त्याचा कोट इतका कोरा नोका ठेवू. आगीजवळ झोपला असंन थो, एका बाजूनं जळका करा." "हा पाय घासत चालते, याचा डावा बूट जास्त झिजवा." बहुतेक वेळा तिचंच बरोबर असायचं. मी करायचे, पुसायचे, परत करायचे. संक्रांतीपर्यंत सहा झाले, होळीपर्यंत तेरा.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला आई पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. रात्रंदिवस माझ्यावरच. शाळेत परीक्षा, पेपरांचे गठ्ठे घरी. मी थकले होते, हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हाची स्थिती सांगते. शनिवारी ती नेहमीप्रमाणे आली. दोघांनी खांद्यावर टाकलेल्या त्या जखमीचा चेहरा मी तिसऱ्यांदा करत होते.

"ताई, हा मेल्यासारखा दिसून राह्यला. हा जिता हाय. तोंडाले जरासा रंग पायजे."

मी पुसलं. परत केलं.

"आता ताप आल्यासारखा दिसते."

आतून आईने हाक मारली. मी ब्रश टेबलावर टाकला आणि म्हणाले, "मग तूच रंगव ना."

ते शब्द बाहेर पडले आणि मला ऐकू आले. तिलाही आले. मग तिने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, ब्रशाच्या शेजारी. बोटं ब्रशाकडे वळवायचा प्रयत्न केला असावा, मला नक्की सांगता येणार नाही. ब्रश घरंगळून खाली पडला.

"आई बोलावते तुमाले," ती म्हणाली. मी आत गेले. आईला कुशीवर वळवून बाहेर आले तर ती चपला घालत होती.

"बस आहे का आता?" मी विचारलं. माफी मागायच्या ऐवजी मी बसचं विचारलं.

"असंन. जातो, मॅडम."

शाळेत ती पूर्वीसारखी वागायची. नमस्कार, आईची चौकशी, पेपरांचं बोलणं. फक्त ताई गेली आणि मॅडम राहिली. शनिवारी ती साडेअकराच्या बसने थेट घरी जायला लागली. मी रोज ठरवायचे की आज बोलेन. स्टाफरूममध्ये कुणीतरी असायचंच, आणि कुणी नसलं की मीच कपाटात काहीतरी शोधायला लागायचे. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कळलं, तिने राजीनामा दिलाय. फळ्यावर लिहिता न येणारी शिक्षिका किती दिवस चालेल, असं तिनेच मुख्याध्यापकांना म्हटल्याचं मला दुसऱ्यांकडून समजलं. निरोप समारंभात माझ्यावर चार शब्द बोलायची पाळी आली. मी तिच्या शिकवण्याबद्दल बोलले. शनिवारबद्दल बोलले नाही.

आई पुढच्या पौषात गेली. दिवस झाल्यावर घर इतकं रिकामं झालं की मी एका सकाळी पुसदची बस धरली आणि तिच्या फाट्यावर उतरले. तांड्यापर्यंत पायी अर्धा तास. ती ओट्यावर बसली होती. मला बघून उठली, आत बोलावलं, आईचं कळल्यावर येता आलं नाही म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. ती रागावलेली नव्हती, आणि ते जास्त कठीण होतं.

नवरा शेतात होता तेवढ्यात मी बोलून घेतलं. "त्या दिवशी मी जे म्हटलं ते म्हणायला नको होतं."

तिने लगेच उत्तर दिलं, जणू ते तयारच होतं. "तुमी खोटं कुठं म्हटलं? काम तुमचं, अन् मी नुसती सांगत बसो."

"मला तू सांगितलेलं हवं होतं."

"हवं असंन," ती म्हणाली. "पण माह्या मनात त्या दिवसापासून बसलं, का आपुन बसून खातो. घरी बी तसंच वाटते. थे आता जात नाई."

मी म्हटलं, पुन्हा ये. ती हसली आणि म्हणाली, येईन. दोघींनाही ठाऊक होतं.

दुपारी नवरा आला आणि आम्ही जेवायला बसलो. माझ्याशी बोलताबोलता, यंदा कापूस सोडून सोयाबीन घेतल्याचं सांगताना, त्याने तिच्या ताटातली भाकर मोडली, वरणात कुस्करली, घास करून ताटाच्या कडेला मांडले. तिच्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. तिने तळहाताच्या कडेने एकेक घास ओढून घेतला. ती मध्येच त्याला म्हणाली, "मीठ कमी हाय," आणि त्याने बोलणं न थांबवता मीठ टाकलं. मी माझ्या ताटात बघत जेवले.

तिचा नवरा मोटरसायकलवर मला फाट्यापर्यंत सोडायला आला. बस यायची होती. तो गाडीला टेकून उभा राहिला आणि जरा वेळाने म्हणाला, "ताई, थे तुमचे शिपाई असतेत ना, बारके? दुपारी ही मोबाइल समोर ठेवून थेच पाहत बसते. नाकानं बोट मारल्यासारखं करून फोटो सरकवते. मले इचारते, हा घ्यावा का थो घ्यावा. मले काय समजते त्याच्यातलं? मी म्हणतो, थो घे."

"मग ती काय म्हणते?"

"म्हणते, तुमाले काई समजत नाई."

बस आली. त्याने माझी पिशवी वर दिली.

घरी येऊन मी आठवडाभर विचार केला आणि मग पावसाळ्याची वाट न बघता नव्या यादीतले दहा फोटो निवडून तिला पाठवले. खाली लिहिलं, यातला कोणता घेऊ? फोटो पाहिल्याची खूण त्याच संध्याकाळी दिसली. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, नवऱ्याने लिहून दिलेलं असावं. सगळे छान आहेत, एवढंच होतं. तिला एका वेळी दहा सोडा, दोनसुद्धा कधी पसंत पडले नव्हते.

मी भाच्याला फोन केला आणि सांगितलं, यंदा काही आणू नकोस, बॅग तुझ्या आईसाठी राहू दे. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, डोळे दुखतात.